भादलीपासून थाळनेरपर्यंत

फ्रान्समध्ये नान्त नावाचे एक बंदराचे शहर आहे. लोआर नदीच्या काठावरचे. ज्यूल व्हर्न हा कादंबरीकार तिथे १८२८ साली जन्मला. ऐंशी दिवसांत जगाची सफर करणाऱ्या साहेबाची त्याची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या वाचनालयातून नेऊन वाचली असेल. त्या गोष्टीतली आगगाडी मुंबईहून निघते आणि दुसऱ्या दिवशी चक्क आपल्या खानदेशातून जाते. व्हर्नने मात्र हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता. त्यामुळे त्याच्या वर्णनात गाडीचा धूर कापसाच्या शेतांवरून जातो, तसाच कॉफी, जायफळ, लवंग आणि मिरीच्या मळ्यांवरूनही जातो. कापूस तेवढा खरा! इथल्या नद्या बहुतेक गोदावरीला मिळतात असेही तो लिहितो. तापी येते ती बऱ्हाणपूर सोडल्यावर, तीही एक लहानशी नदी म्हणून. पावसाळ्यात हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्यावर भुसावळच्या पुलावरून ज्यांनी तापी पाहिली आहे, त्यांना हे वाचून हसू येईल.

नान्तने आपल्या या लेखकासाठी नदीकाठी संग्रहालय उभारले आहे. गावोगावचे लोक ते बघायला जातात. हे वाचले तेव्हा मनात आले, की जो न बघता खानदेशावर लिहून गेला त्याच्या गावाची माहिती आपण मिळवतो. पण जे याच मातीत जगले आणि लिहून गेले, त्यांची घरे, शाळा, स्टेशने आपल्यापैकी किती जणांनी पाहिली आहेत?

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. बालकवी किंवा बहिणाबाई शिकवताना मुले कविता पाठ करतात, गुणही मिळवतात. पण एकदा आठवीतल्या एका मुलाने सहज विचारले, “टीचर, ये उनका है ना?” त्याच्या विचारण्यात राग नव्हता, तक्रार नव्हती. त्याच्या दृष्टीने तो साधा हिशेब होता : इक्बाल आपले, बालकवी त्यांचे. हा मुलगा ज्या मोहल्ल्यात राहतो, तिथून बालकवींच्या मृत्यूची जागा रेल्वेने काही मिनिटांवर आहे. उत्तर वर्गात देण्यापेक्षा आधी आपणच जाऊन बघावे असे वाटले. डिसेंबरच्या सुट्टीत मी, माझी नववीतली मुलगी आणि सत्तरी ओलांडलेली अम्मी अशा तिघी निघालो. मुलीचे अब्बू धुळ्याला येऊन मिळणार होते.

सोय अशी, की यातली बरीच ठिकाणे एकाच रेल्वेमार्गावर आहेत. भुसावळहून सुरतेला जाणाऱ्या गाडीत बसले की भादली, जळगाव, धरणगाव, अमळनेर ही नावे ओळीने येतात. खानदेशाला समुद्र नाही. खानदेशाचे बंदर म्हणजे सुरत. इथला माल तिकडे जायचा आणि हजला जाणारेही तिथूनच जहाजात बसायचे.

भादली हे भुसावळ आणि जळगावच्या मधले छोटे स्टेशन. मोठ्या गाड्या तिथे थांबत नाहीत, धडधडत निघून जातात. ५ मे १९१८ रोजी त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी, इथे रूळ ओलांडताना गाडीखाली सापडले. वय २७. मुलीने फलाटावर उभे राहून दोन्ही दिशांना पाहिले आणि म्हणाली, “एवढंच?” खरेच, बघण्यासारखे तिथे फारसे काही नाही. रूळ, शेते आणि वारा. पण ‘औदुंबर’ ही आठच ओळींची कविता शिकवताना मी आजवर फळ्यावर झरा आणि टेकडी काढत आले. त्या फलाटावर उभे राहिल्यावर कळले, की हा माणूस कुठल्या स्वप्नातल्या देशात राहत नव्हता. आपल्यासारखाच उन्हातान्हात गाड्या पकडत होता.

पुढचे स्टेशन जळगाव. १९०७ साली इथे महाराष्ट्र कविसंमेलन भरले होते. अध्यक्ष डॉ. कान्होबा कीर्तिकर. हे लष्करी डॉक्टर आणि वनस्पतींचे मोठे अभ्यासक. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ अजून चाळला जातो. त्यांच्यासमोर धरणगावचा सोळा-सतरा वर्षांचा पोरगा कविता म्हणायला उभा राहिला आणि उतरला तो ‘बालकवी’ होऊन. हे नाव त्याला पुण्या-मुंबईने दिलेले नाही, जळगावने दिले आहे. मुशायऱ्यात नवा शायर पहिल्यांदा दाद घेतो तेव्हा काय होते ते आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. तसेच ते घडले असणार.

जळगावात खरे थांबायचे ते जुन्या गावातल्या चौधरी वाड्यात. बहिणाबाईंचे हे सासर. माहेर जवळच असोद्याला, महाजनांच्या घरी. जन्म १८८०, नागपंचमीचा. तेराव्या वर्षी नथुजी चौधरींशी लग्न होऊन त्या या घरात आल्या, तिशीत विधवा झाल्या आणि तीन मुलांना घेऊन शेतात राबल्या. लिहिता-वाचता येत नव्हते. दळताना, निंदताना, विहिरीवर जाताना ओव्या सुचत आणि त्या म्हणत. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर यांनी जमेल तेवढे उतरवून घेतले, म्हणून ते वाचले. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघाले. स्वतःचे पुस्तक त्यांनी पाहिले नाही. पाहिले असते तरी वाचता आले नसते. आज त्यांच्या नावाचे विद्यापीठ जळगावात आहे. १९९० साली उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ म्हणून सुरू झालेल्या या विद्यापीठाला २०१८ मध्ये त्यांचे नाव दिले गेले.

वाड्यात त्यांच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. मुलगी माहितीचे फलक वाचत होती. अम्मीला मराठी नीट वाचता येत नाही, ती वस्तू बघत होती. जात्यापाशी ती थांबली आणि म्हणाली, “ये तो अपनेच घर की चक्की है.”

अम्मीचे माहेर चोपडा तालुक्यात. लहानपणी पहाटे फजरच्या आधी उठून ज्वारी दळायची, समोर तिची आई. दोघी खुंट्याला धरून दळत आणि नानी गात असे. मी अम्मीच्या पोटी जन्मले, तिच्या हाताखाली वाढले, बी.एड.ला लोकसाहित्यावर प्रकल्प लिहिला. पण नानी गात असे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. काय गात असे, असे विचारले तेव्हा अम्मी आधी लाजली. मग वाड्याबाहेरच्या ओट्यावर बसून हळू आवाजात तिने सहा ओळी म्हटल्या. ईद आली आहे, भाऊ अजून न्यायला आला नाही, नदीला पाणी आहे म्हणून थांबला असेल का, अशी बहीण जात्यालाच विचारते. भाषा अर्धी उर्दू, अर्धी अहिराणी. सहा ओळींनंतर अम्मी अडकली. “आगे बहुत था,” म्हणाली, “भूल गई.”

अखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात आणि झोक्यावर गातात, ही खानदेशातली जुनी रीत. बहिणाबाईंच्या गाण्यांतही तिचा उल्लेख आहे. माझ्या नानीच्या गाण्यात अखाजीच्या जागी ईद होती. बाकी जाते तेच, ज्वारी तीच, वाट बघणेही तेच.

यात नवल वाटायचे कारण नाही. दख्खनमध्ये सतराव्या शतकात विजापूरच्या सूफींनी बायकांसाठी दखनी बोलीत ‘चक्कीनामे’ रचले होते. जात्याचा खुंटा म्हणजे अलिफ, अशा उपमांतून दळता दळता अल्लाहचे स्मरण व्हावे, म्हणून. घरात नमाज-रोजा शिकवणारी पहिली शिक्षिका आई असते आणि आईचा वर्ग जात्यापाशी भरतो, हे त्या बुजुर्गांनी ओळखले होते. म्हणजे जात्यावरचे गाणे आपल्याही घरचे आहे, निदान तीनशे वर्षांचे. फरक इतकाच, की बहिणाबाईंना सोपानदेव मिळाले. माझ्या नानीच्या मुलांपैकी दोघे शिकलेले होते. एक तर शिक्षकच होता. कोणी वही घेतली नाही. ती गाणी लिहिण्यासारखी आहेत असे कोणाला वाटलेच नाही. उर्दूवाल्यांच्या मते ती शुद्ध उर्दू नव्हती, मराठीवाल्यांच्या मते मराठी नव्हती आणि वाजाच्या मजलिशीत कोणी ती म्हणणार नव्हते.

मुलीने मोबाइलवर त्या सहा ओळी टिपून घेतल्या. तीन शब्दांचे अर्थ तिला विचारावे लागले, त्यातल्या एकाचा मलाही.

धरणगाव हे बालकवींचे जन्मगाव. तिथे आम्ही चहापुरत्याच थांबलो, कारण अम्मी थकली होती. अमळनेरला मात्र एक मुक्काम केला.

अमळनेरबद्दल थोडे सविस्तर लिहिते. या तालुक्याच्या गावाने दोनदा अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवले, १९५२ साली आणि पुन्हा फेब्रुवारी २०२४ मध्ये. प्रताप शेठ यांनी १९१६ साली इथे तत्त्वज्ञान मंदिर काढले. त्याच ओढीने कोकणातल्या पालगडचे पांडुरंग सदाशिव साने अमळनेरला आले. १९२४ ते १९३० अशी सहा वर्षे त्यांनी इथल्या हायस्कुलात शिकवले. आज ती शाळा प्रताप हायस्कूल म्हणून ओळखली जाते. वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे दैनिक ते हाताने लिहून काढत. रोज! मी शिक्षिका आहे. वर्षातून एकदा निघणाऱ्या हस्तलिखिताला मुलांकडून चार लेख मिळवताना आमची काय धावपळ होते ते मला माहीत आहे. विसाव्या शतकातल्या मराठी घरांना रडवणारे ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिले. त्या पुस्तकातल्या गोष्टी कोकणातल्या आहेत. पण त्या गोष्टी ऐकायला बसणारी मुले कशी असतात, हे गुरुजी अमळनेरच्या वसतिगृहात शिकले असावेत, असे माझे मत आहे.

आपल्या वाचकांना एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. याच साने गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’ हे पुस्तक लिहिले आहे आणि त्यात हजरत मुहम्मद (स.) यांचे चरित्र सांगितले आहे. मराठीत सीरतवर आज पुष्कळ पुस्तके मिळतात. पण एका हिंदू शिक्षकाने आपल्या भावंडांना शेजाऱ्याचा नबी समजावा म्हणून ते लिहावे, हे आमच्या शिक्षकांच्या खोलीत पुष्कळांना ठाऊक नव्हते. भारतातल्या एका प्रांताने दुसऱ्याची भाषा शिकावी, म्हणून ‘आंतरभारती’ची कल्पनाही त्यांचीच. दोन भाषा सांभाळणाऱ्या शाळेत त्यांची तसबीर असायला हरकत नाही.

शाळेच्या गावातच दुसरी एक सुरुवात झाली. २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजी यांनी इथे वनस्पती तुपाचा कारखाना काढला. तेव्हाचे नाव वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. आजचे नाव विप्रो. तेव्हा गावातल्या लोकांनी घेतलेल्या शेअरांनी पुढे घरे कशी सावरली, याच्या कहाण्या अमळनेरमध्ये चहाच्या टपरीवरही ऐकायला मिळतात. हा काही साहित्याचा विषय नाही. पण माझी मुलगी या कहाण्या फार लक्ष देऊन ऐकत होती, तेही नोंदवायला हवे.

अमळनेरहून एस.टी.ने धुळे. जुन्या धुळ्याच्या गल्ल्यांना नावे नाहीत, नंबर आहेत. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या हाती आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज इथला कारभारी झाला. आखीव, काटकोनातले हे शहर त्याने वसवले. पाचकंदीलच्या गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा मी मुलीला सांगितले, की या ब्रिग्जसाहेबाने पुढे फिरिश्त्याचा फारसी इतिहास इंग्रजीत आणला. मुहम्मद कासिम फिरिश्ता हा विजापूर दरबारचा इतिहासकार. विजापूरच्या शहजादीचे अकबराचा मुलगा दानियाल याच्याशी लग्न ठरले, तेव्हा १६०४ मध्ये तिच्याबरोबर तो बऱ्हाणपूरला आला होता. खानदेशच्या फारुकी सुलतानांवर त्याने स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. आमच्या शाळेच्या इतिहासात फारुकींना दोन ओळी मिळतात. शहर आखणाऱ्या परक्या अधिकाऱ्याने त्यांच्यावरची सारी पाने उलथून दुसऱ्या भाषेत नेली आणि आपण त्याच्या गल्ल्यांत भाजी घेतो.

धुळ्यातले दुसरे ठिकाण तुरुंगाचे. २१ फेब्रुवारी १९३२ पासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबा भावे या तुरुंगात गीतेवर बोलले, एकूण अठरा प्रवचने. ती उतरवून घेणारा हात पुन्हा साने गुरुजींचा, तेही तिथेच कैदी होते. गीतेची ती प्रवचने आज कितीतरी भाषांत वाचली जातात. विनोबांनी पुढे अरबी शिकून कुरआन मुळातून वाचले आणि निवडक आयतींचे संकलन केले. ते ‘रूहुल कुरआन’ किंवा ‘कुराण-सार’ या नावाने प्रसिद्ध आहे. मुलीचे अब्बू इथे आम्हाला भेटले होते. ते म्हणाले, “दोन्ही ठिकाणी कुणीतरी लिहून घेणारा होता, हे लक्षात घे.” बहिणाबाईंची गोष्ट मी त्यांना फोनवर सांगितली होती.

राजवाडे संशोधन मंडळ बघितल्याशिवाय धुळे सोडू नये. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगावचे वाडे धुंडाळून, रद्दीत निघालेली दफ्तरे सोडवून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड काढले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यात वारले आणि त्यांची कागदपत्रे विखुरू नयेत म्हणून ९ जानेवारी १९२७ ला, म्हणजे अवघ्या दहा दिवसांत, धुळेकरांनी हे मंडळ स्थापन केले. जुने मोडीतले कागद पाहताना एक मजा लक्षात येते. लिपी मोडी, भाषा मराठी आणि शब्द मात्र आपल्या ओळखीचे : अर्ज, हक्क, वारस, जमीन, वसूल, बाकी, दफ्तर. शिवाजी महाराजांच्या काळात फारसी शब्दांना पर्याय देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला होता. तरी आज तहसीलला गेलेला खातेदार, मग तो कुठल्याही जातीचा असो, हेच शब्द बोलतो. त्या आठवीतल्या मुलाला द्यायचे उत्तर मला या कागदांत मिळाले. सुट्टीनंतर मी वर्गात फक्त ही यादी फळ्यावर लिहिली आणि विचारले, “यातले आपले कुठले, त्यांचे कुठले, वेगळे करून दाखवा.” तास संपला तरी भांडण संपले नव्हते.

शेवटच्या दिवशी थाळनेर. धुळ्याहून शिरपूरकडे जाऊन तिथून आत वळायचे. फिरोजशाह तुघलकाने १३७० च्या सुमारास मलिक राजाला हा मुलूख दिला आणि तापीकाठच्या या गावातून फारुकी राज्य सुरू झाले. त्याचा मुलगा नसीरखान याने असीरगड घेतला, बऱ्हाणपूर वसवले. ते नाव हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचे. राजधानी तिकडे गेली, कबरी इथे राहिल्या. त्यांतली आठ कोनांची एक कबर कोरीव कामामुळे लांबूनच ओळखू येते. गड ढासळला आहे. खाली तापी संथ वाहते.

सतराव्या शतकात ताव्हर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून बऱ्हाणपूरला गेला तो याच वाटेने. त्याच्या प्रवासवृत्तातले टप्पे वाचताना आपल्या एस.टी.चा फलक वाचल्यासारखे वाटते : नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर. नवापूरच्या तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो असे त्याने लिहून ठेवले आहे. हा फ्रेंच माणूस स्वतः आला, थांबला, जेवला. म्हणून त्याच्या खानदेशात लवंग पिकत नाही, तांदूळ पिकतो.

अम्मीने कबरींजवळ उभे राहून फातिहा पढली. मग चोपड्याकडच्या दिशेला हात करून मुलीला म्हणाली, “नानी का गाँव उधर.” नदीला पाणी असले की तिथून अलीकडे यायला होडी लागे, असेही ती म्हणाली. आणि होडीवरून तिला सातवी ओळ आठवली.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. थाळनेरला खायची सोय मर्यादित आहे, डबा न्यावा. आणि म्हातारे माणूस बरोबर असेल तर वही-पेन विसरू नये. आमच्या वहीत आजपर्यंत चौदा ओळी झाल्या आहेत. अम्मीची धाकटी बहीण यावलला असते. तिला आणखी येतात म्हणे. पुढच्या रविवारी आम्ही तिकडे जाणार आहोत.